आमची घडीची शिडी

मनुष्याचा हात किती उंच पोहोंचतो, याचा हिशोब आपण सहसा करीत नाहीं. साडेपांच फूट उंचीच्या माणसानें टाचा न उचलतां हात वर केला, तर त्याच्या बोटांचीं टोकें जमिनीपासून सुमारें ७ फुटांवर जातात. हल्लींच्या घरांचें छत साडेनऊ ते दहा फुटांवर असतें. म्हणजे प्रत्येक घरांत अडीच-तीन फुटांचा एक मुलूख असा आहे, कीं जो आपल्या मालकीचा असूनहि आपल्या सत्तेखालीं नाहीं. या मुलुखांत पंखा राहतो, दिवा राहतो, पडद्याची दांडी राहते, माळ्यावरचीं पितळेचीं भांडीं राहतात, आणि या सर्वांवर ज्याचा खरा अंमल चालतो तो कोळीहि तेथेंच राहतो. वर्षांतून चार-पांच वेळां आपणांस या मुलुखावर स्वारी करावी लागते. ती कोणत्या वाहनावरून करावी, एवढाच या लेखाचा विषय आहे.

विषय लहान आहे हें आम्हांस मान्य आहे. शाळेच्या वार्षिक अंकांत गिर्यारोहणावर, विमानांवर किंवा चंद्रावर उतरलेल्या माणसांवर लिहिण्याचा प्रघात आहे, आणि तो चांगलाच आहे. परंतु एव्हरेस्टच्या २९ हजार फुटांशीं आपणांपैकीं बहुतेकांचा संबंध भूगोलाच्या पुस्तकापुरताच येतो. उलट या तीन फुटांशीं प्रत्येक घराचा संबंध दर दिवाळीस येतो, आणि तेथें जीं हाडें मोडतात तीं खरोखरीचीं मोडतात.

या चढाईसाठीं घरोघर जीं साधनें वापरण्यांत येतात त्यांचें एखादें प्रदर्शन भरविलें तर तें पाहण्यासारखें होईल. पहिला मान अर्थातच खुर्चीचा. ती लांकडी असली तर तिचा एक पाय सैल असतो. प्लॅस्टिकची असली तर गॅलरींत वर्षानुवर्षें ऊन खाऊन ती ठिसूळ झालेली असते, आणि ठिसूळ प्लॅस्टिक मोडण्यापूर्वीं सूचना देत नाहीं. खुर्चीनें भागलें नाहीं कीं टेबल येतें. टेबलानेंहि भागलें नाहीं कीं टेबलावर खुर्ची, आणि खुर्चीवर, चारच बोटें कमी पडतात म्हणून, रद्दीचा गठ्ठा किंवा मुलांचा जाडजूड शब्दकोश. धान्याचा पत्र्याचा डबा पालथा घालून त्यावर उभें राहण्याची कला आमच्या आधींच्या पिढीस चांगली साधली होती. अलीकडे घरीं बसून कचेरीचें काम करण्याची पद्धत पडल्यापासून चाकांची फिरती खुर्ची पुष्कळ घरांत आली आहे, आणि तिच्यावरहि लोक चढतात! जें आसन मुळीं सरकावें व फिरावें याच हेतूनें बनविलेलें आहे, त्यावर उभें राहून पंखा पुसणारा गृहस्थ पाहिला म्हणजे, सर्कशींतल्या माणसांस अशाच कामाचा पगार मिळतो आणि हा बिचारा फुकट करतो, याचें वाईट वाटतें.

या मनोऱ्याबरोबर एक ठराविक माणूसहि असतो. त्याचें काम ‘धरणें’. तो एका हातानें खुर्ची धरतो. दुसऱ्या हातांत बहुधा मोबाइल असतो. वास्तविक पाहतां वरचा मनुष्य तोल जाऊन पडूं लागला तर धरणाऱ्याच्या हातून कांहींच होण्यासारखें नसतें, कारण पडतो तो माणूस. खुर्ची जागच्या जागींच असते. तथापि धरणारा असला म्हणजे चढणाऱ्यास धीर येतो, आणि जेथें भीति वाटावयास पाहिजे तेथें धीर यावा हें कांहीं चांगलें नव्हे.

आमच्याच इमारतींत, दोन मजले खालीं, एक सेवानिवृत्त गृहस्थ राहतात. तीन वर्षांपूर्वीं नवरात्राच्या आधल्या आठवड्यांत दिवाणखान्यांतील ट्यूबलाइट बदलण्यासाठीं ते टेबलावर ठेवलेल्या स्टुलावर चढले. दिवा व्यवस्थित बदलून झाला. उतरतांना त्यांचा पाय टेबलावर न पडतां टेबलाच्या कडेवर पडला. खुब्याचें हाड मोडलें. शस्त्रक्रिया झाली, ते बरेहि झाले. परंतु पर्वतीच्या १०३ पायऱ्या जो मनुष्य रोज पहाटे चढत असे, तो आतां काठी टेंकीत पायथ्यापर्यंत जातो आणि तेथील कट्ट्यावर बसून बरोबरीची मंडळी खालीं येण्याची वाट पाहतो. ते किती उंचीवरून पडले असतील? टेप घेऊन मोजलें तर चार फुटांच्या वर भरणार नाहीं.

मुलांनो, तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकांत जें सूत्र आहे तें येथें लावून पाहा. एक मीटर उंचीवरून सुटलेली वस्तु ०.४५ सेकंदांत जमिनीवर येते, आणि जमिनीस लागते तेव्हां तिचा वेग तासाला सुमारें १६ किलोमीटर असतो. सायकल चांगली पळविली म्हणजे येतो तेवढा हा वेग. अर्ध्या सेकंदांत ‘अरे!’ म्हणण्यापुरता वेळ मिळतो. सावरण्यापुरता मिळत नाहीं. तुमचीं हाडें हा वेग बहुधा सोसतील. सत्तरीच्या घरांतलीं हाडें सोसत नाहींत.

हें गणित आम्हांस अस्वस्थ करूं लागलें याचें कारण आमच्या आत्याबाई. त्यांचें वय शहात्तर. त्यांचें बालपण सदाशिव पेठेंतील एका वाड्यांत गेलें. त्या वाड्यांत माळ्यावर जाण्यासाठीं एक सागवानी शिडी भिंतीस कायमची टेंकलेली असे, आणि वयाच्या सातव्या वर्षीं ती चढून माळ्यावरच्या चिंचेच्या बरणीवर आपण कसा डल्ला मारीत असूं, हें त्या आजहि रंगवून सांगतात. वाडा गेला, शिडी गेली, पण चढण्याची हौस मात्र आमच्या घरीं आली. दसरा जवळ आला कीं घरांतील यच्चयावत् कोळिष्टकें सरकार-दरबारीं आपल्याच नांवें नोंदलेलीं आहेत अशा थाटांत त्या पदर खोंचून, कुंचा घेऊन उभ्या राहतात. त्यांना ‘चढूं नका’ म्हणणें म्हणजे आषाढांतल्या पावसाला ‘पडूं नको’ म्हणण्यासारखें आहे.

अशा वेळीं पुष्कळ घरांत एक सोपा मार्ग काढतात. ‘तुम्ही नका चढूं, मावशींना सांगूं,’ असें म्हणतात. मावशी म्हणजे घरीं धुण्याभांड्यास येणाऱ्या बाई. आमच्या सौभाग्यवतींनीं हा मार्ग सुचवितांच आत्याबाईंनीं हातांतला कुंचा खालीं ठेवला. त्या म्हणाल्या, “मी पडलें तर तुम्ही दवाखाना कराल. ती पडली तर तिच्या चार घरांचा पगार बंद होईल, तो कोण भरणार? माझ्या हाडांची किंमत जास्त, असें कोणी सांगितलें तुम्हांला?” यावर कोणालाहि उत्तर सुचलें नाहीं, आणि अद्यापहि सुचलेलें नाहीं. शिडी घ्यावयाची असें ठरलें तें त्याच घटकेस.

येथें कोणी विचारील कीं एवढ्या मोठ्या इमारतींत एक शिडी नाहीं काय? आहे. सोसायटीची शिडी लोखंडी असून बारा फूट लांब आहे. ती गाड्या लावण्याच्या जागीं भिंतीशीं साखळीनें बांधलेली असते. साखळीस कुलूप आहे, कुलपाची किल्ली चिटणिसांकडे आहे, चिटणीस कचेरींत आहेत आणि कचेरी हिंजवडीस आहे. इतकें करून किल्ली मिळालीच तर शिडी लिफ्टमध्यें मावत नाहीं, आणि जिन्याच्या वळणावर ती अशी अडकते कीं पुढें नेतां येत नाहीं व मागेंहि घेतां येत नाहीं. सार्वजनिक मालमत्तेचें रक्षण इतकें उत्तम रीतीनें होत असलेलें आम्हीं दुसरीकडे पाहिलेलें नाहीं.

“वर्षांतून पांच वेळां लागणारी वस्तु विकत कशाला घ्यावयाची?” असें आमचे बंधु म्हणाले. वरवर पाहतां हा प्रश्न शहाणपणाचा आहे, म्हणूनच त्याचा थोडा विचार करूं. रंगारी रोज सकाळीं शिडीवर चढतो. त्याच्या पायाला पायरी न पाहतां सांपडते. शिडी किती कलली म्हणजे धोका आहे हें त्याच्या अंगाला कळतें. वर्षांतून पांच वेळां चढणाऱ्याचा पाय अडाणी असतो, आणि मागच्या दिवाळीला तो जें कांहीं शिकला असेल तें या दिवाळीपर्यंत विसरलेला असतो. तेव्हां रुंद पायरीची, न डगमगणारी, धरावयास दांडा असलेली शिडी जर कोणाला हवी असेल तर ती या अडाणी पायाला. तिचा उपयोग क्वचित् होतो ही गोष्ट ती न घेण्यास कारण होत नाहीं. फार महाग घेऊं नये एवढ्यालाच ती कारण होते.

दुसरी गोष्ट आम्हांस याहूनहि महत्त्वाची वाटते. घरगुती शिडीची स्पर्धा दुसऱ्या शिडीशीं कधींच नसते. ती खुर्चीशीं असते. खुर्ची नेहमीं चार पावलांवर असते. शिडी जर माळ्यावर ठेविली तर ती काढण्यास दुसरी शिडी लागणार. पलंगाखालीं ठेविली तर आधीं तीन बॅगा आणि एक जुनी हार्मोनियमची पेटी बाहेर ओढावी लागणार. तेवढ्यांत खुर्ची दिसते, आणि ‘एकच मिनिटाचें तर काम आहे’ असें म्हणून मनुष्य तिच्यावर चढतो. म्हणून घडी केल्यावर शिडी किती पातळ होते, ती दाराआड उभी राहते कीं नाहीं, आणि घरांतल्या सर्वांत अशक्त माणसाला ती एका हातानें उचलतां येते कीं नाहीं, हे प्रश्न सोयीचे म्हणून कोणी हंसण्यावारी नेऊं नयेत. शिडी खुर्चीला हरविणार कीं नाहीं तें यावरच ठरतें.

आतां कोणती शिडी? जाती मुख्यतः दोन: एक भिंतीस टेंकण्याची आणि दुसरी आपल्याच पायांवर उभी राहणारी. टेंकण्याची शिडी स्वस्त, हलकी व पुरातन. स्पेन देशांत व्हॅलेन्सियाकडे ‘कोळ्याच्या गुहा’ या नांवाच्या गुहा आहेत. (नांव वाचून आम्हांस आमच्या छताचीच आठवण झाली.) त्यांतील एका भिंतीवर हजारों वर्षांपूर्वींच्या माणसानें काढलेलें एक चित्र आहे: एक व्यक्ति शिडीसारख्या दोरांवर लोंबकळत मधमाशांच्या पोळ्यांतून मध काढीत आहे आणि भोंवतीं माशा घोंगावत आहेत. त्या व्यक्तीला खालून कोणी ‘धरीत’ नव्हतें हें लक्षांत घेण्याजोगें आहे. आपल्याकडे बुरुड आळींत बांबूच्या शिड्या मिळतात. मांडव घालणारे व रंगारी त्या वापरतात, आणि हलकेपणांत व चिवटपणांत त्यांस तोड नाहीं.

परंतु टेंकण्याच्या शिडीला एक शास्त्र आहे. ती चार फूट उंचीवर टेंकली तर तिचा पाय भिंतीपासून एक फूट असावा. आठ फुटांवर टेंकली तर दोन फूट. म्हणजे जमिनीशीं सुमारें ७५ अंशांचा कोन होतो. याहून पाय जवळ घेतला तर चढणाऱ्यासकट शिडी मागें येण्याचें भय, आणि याहून दूर नेला तर खालून घसरण्याचें भय. घरांतल्या गुळगुळीत फरशीवर हें दुसरें भय फार मोठें आहे. आणि हें सारें साधलें तरी मुख्य अडचण राहतेच. पंखा खोलीच्या मध्यभागीं असतो, आणि खोलीच्या मध्यभागीं टेंकावयाला भिंत नसते! एका नळींतून दुसरी नळी बाहेर येणारी दुर्बिणीसारखी शिडी बाजारांत मिळते. मिटली म्हणजे ती अगदींच थोड्या जागेंत मावते, म्हणून आम्हीं क्षणभर मोहांत पडलों होतों. परंतु तिची साधी जात शेवटीं टेंकण्याचीच, शिवाय महाग. आणि मिटवितांना नळ्यांच्या मधें बोटें सांपडण्याची भीति निराळीच.

राहिली ती दुसरी जात, घडीची. इंग्रजी आठ या अक्षराशीं तिचें कांहीं साम्य नाहीं, पण आपल्या घराच्या कौलारू छपराचा एका बाजूनें दिसणारा आकार डोळ्यांपुढें आणा, म्हणजे ती कशी उभी राहते हें ध्यानांत येईल. १८६२ सालीं अमेरिकेंत ओहायओ प्रांतांतील डेटन या गांवीं जॉन बाल्सले नांवाच्या सुतारानें अशा घडीच्या शिडीचें पेटंट घेतलें. वाटोळ्या दांड्यांच्या जागीं चपट्या पायऱ्या आणि मिटवितां यावी म्हणून बिजागरी, हा तिचा विशेष. दीडशें वर्षांहून अधिक काळ लोटला, लांकडाची जागा लोखंडानें व अॅल्युमिनियमनें घेतली, पण मूळ कल्पनेंत फारसा फरक पडलेला नाहीं.

उंचीचा हिशोब आम्हीं घरींच केला होता. पंख्याचीं पातीं छताच्या फूट-दीड फूट खालीं असतात, म्हणजे जमिनीपासून साडेआठ फुटांच्या आसपास. धूळ बसते ती पात्याच्या वरच्या अंगास; तेव्हां नुसता हात पोहोंचून उपयोग नाहीं, डोळाहि जवळपास तितक्या उंचीवर यावयास पाहिजे. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाचा डोळा पांच फुटांवर धरला तर तीन फूट चढलें कीं काम भागतें. दोन पायऱ्यांमधें ९-१० इंच अंतर असतें. चार पायऱ्या पुरे झाल्या. पांचवीची गरज नाहीं, सहावीची मुळींच नाहीं.

हा हिशोब खिशांत घेऊन आम्ही बोहरी आळींत गेलों. आत्याबाई बरोबर होत्या. त्यांच्यासाठीं घ्यावयाची वस्तु त्यांच्यावांचून घेण्याची आमची छाती नव्हती. दुकानदार मोठा गोड बोलणारा. त्यानें प्रथमच सहा पायऱ्यांची शिडी पुढें केली. “साहेब, एकदां घेतांच आहांत तर मोठीच घ्या. थोड्याच पैशांचा फरक आहे.”

“अहो, आमचें घर दहा फुटांचें,” आत्याबाई म्हणाल्या. “त्याच्या वर दुसऱ्यांचा संसार आहे.”

मग चार पायऱ्यांच्या दोन शिड्या आल्या. लोखंडी १,७०० रुपयांची, अॅल्युमिनियमची २,४००. एक तिसरीहि होती, अवघ्या ९०० रुपयांची. ती उघडून आम्हीं पहिल्या पायरीवर अंगठ्यानें दाब दिला तेव्हां ती पायरी लवली, आणि रिबिटांच्या भोंवतालचा पत्रा आधींच सुरकुतलेला दिसला. स्वस्त वस्तूच्या शोधांत निघालेल्या माणसानें कोठें थांबावें हें अशा पायरीवरून कळतें. आम्हीं ती बाजूस ठेवली.

लोखंडी शिडी आत्याबाईंनीं उचलून पाहिली. ती आठ किलोंच्या जवळपास असावी. दोन पावलें चालून त्यांनीं ती खालीं ठेवली आणि म्हणाल्या, “अरे, ही आणायला कोणालातरी हांक मारावी लागेल. हांक मारायची तर तूं घरीं कधीं असतोस?” अॅल्युमिनियमची मात्र त्यांनीं एका हातानें उचलली, दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत नेली, परत आणली, मिटविली आणि पुन्हां उघडली. अॅल्युमिनियम लोखंडाच्या सुमारें एक-तृतीयांश जड. पण तें तितकेंच लवकर वांकत असल्यामुळें नळ्या जाड घ्याव्या लागतात, म्हणून प्रत्यक्षांत शिडीचें वजन तिसऱ्या हिश्श्यावर न येतां निम्म्यावर येतें. शिवाय आमच्याकडे न्हाणीघराजवळ ओल असते. लोखंडी नळी बाहेरून रंगविलेली असली तरी आंतून गंजते आणि आंतला गंज दिसत नाहीं. सातशें रुपये अधिक देणें आमच्या जिवावर आलें होतें हें खरें. पण जी शिडी त्या उचलूं शकत नाहींत ती आमच्या घरांत खुर्चीपुढें हरणार, हें उंबऱ्यापर्यंतच्या त्या फेरींतच दिसून आलें होतें.

घेण्यापूर्वीं आत्याबाईंनीं जी तपासणी केली ती एखाद्या सासूनें सुनेची करावी तशी होती. पायांचीं रबरी बुटें ओढून पाहिलीं. निघतात कीं काय. पायऱ्यांच्या आंतल्या कडेवरून बोट फिरविलें. धार राहिली आहे कीं काय. पायरी तळव्याच्या चवड्याला पुरेशी रुंद आहे का आणि तिच्यावर खांचा आहेत का, हें पाहिलें. शेवटची पायरी ही एक रुंद फळीच असून तिच्या वर गुडघ्याच्याहि वर येईल असा वांकविलेला दांडा होता. हा दांडा नसेल तर सर्वांत वरच्या पायरीवर उभें राहूं नये, कारण तेथें धरावयास कांहींच उरत नाहीं. मग शिडी पूर्ण उघडून त्या म्हणाल्या, “हिची कडी बसते कशी?” दुकानदारानें मधली पट्टी दाबली. ‘खट्’ असा आवाज झाला. “पुन्हां,” आत्याबाई म्हणाल्या. पुन्हां ‘खट्’. असें चार वेळां झालें. पांचव्या वेळीं दुकानदारच म्हणाला, “आजी, ही माझ्या नातवापर्यंत वाजेल.”

शिडीच्या कडेवर एक चिकटपट्टी होती आणि तिच्यावर किती किलो भार चालेल तें लिहिलेलें होतें. हा आंकडा वाचतांना एक गोष्ट ध्यानांत ठेवावी कीं तो नुसत्या माणसाचा नसतो. माणूस, त्याच्या हातांतलें हत्यार, आणि माळ्यावरून तो जें काय खालीं आणीत असेल तें, या सर्वांचा मिळून असतो. अमेरिकेंत शिड्यांचे भारावरून वर्ग पाडलेले आहेत, आणि त्यांतील हलक्या घरगुती कामाच्या वर्गास २०० पौंड, म्हणजे सुमारें ९० किलो, ही मर्यादा आहे. ऐंशी किलोंच्या गृहस्थानें फराळाच्या भांड्यांनीं भरलेलें पितळेचें घमेलें घेऊन तिच्यावरून उतरावें हें बरें नव्हे. आमच्या शिडीवर १५० चा आंकडा आहे, आणि आमच्या घरांत त्या मानाचा अद्याप कोणी नाहीं.

घरीं आल्यावर दोन दिवस शिडी ही मुलांची राजगादी झाली. तिसऱ्या दिवशीं आत्याबाईंनीं कायदे केले. ओल्या पायांनीं चढूं नये. साडीचा घोळ किंवा पायजम्याची लांब कड खोंचल्याशिवाय चढूं नये. तोंड शिडीकडे करूनच चढावें व उतरावें. जिना उतरतों तसें पाठ करून उतरूं नये. चारहि पाय जमिनीस लागले आहेत हें आधीं हलवून पाहावें. हा शेवटचा कायदा आम्हांस विशेष पटला. तिपाई कशाहि जमिनीवर डळमळत नाहीं, कारण तीन टेंकू नेहमीं एका पातळींत येतात. चवथा आला कीं भांडण सुरू होतें. आमच्या गॅलरींत जुनी शहाबादी फरशी आहे, तेथें शिडीचा एक पाय अधांतरी राहतो. कागदाची घडी खालीं सारण्याचा मोह होतो, पण कागद सरकतो. शिडीच अर्धा हात सरकवून सारखी जागा शोधावी.

सर्वांत अवघड कायदा पोटाचा. शिडीवर असतांना आपलें पोट तिच्या दोन उभ्या दांड्यांच्या मधेंच राहिलें पाहिजे. पंख्याचीं दोन पातीं पुसून झालीं, तिसरें थोडें लांब आहे; ‘जरासें वांकलें कीं झालें’ असें वाटतें. त्या वेळीं खालीं उतरून, शिडी हलवून, पुन्हां चढणें याचा जो कंटाळा येतो, त्याच कंटाळ्यावर हाडांच्या डॉक्टरांचा बराचसा व्यवसाय चालत असावा. शरीराचा गुरुत्वमध्य शिडीच्या चार पायांच्या चौकोनाबाहेर गेला कीं शिडी कितीहि महाग असली तरी ती आपल्या बाजूची राहत नाहीं.

विजेबद्दल मात्र आम्हीं स्वतः एक कलम घातलें. अॅल्युमिनियम विजेचें उत्तम वाहक आहे आणि आपल्या घरांतील वीज २३० व्होल्टची असते. दिव्याचें किंवा पंख्याचें काम असेल तर भिंतीवरचें बटन बंद करून समाधान मानूं नये; जोडणी उलटसुलट झालेली असली तर बटन बंद असूनहि तारेंत वीज असूं शकते. मुख्य स्विच बंद करावा, आणि उजेड असतांना काम करावें. विजेचीं कामें करणारे कारागीर फायबरग्लासची शिडी वापरतात ती याचसाठीं.

शिडी आतां स्वयंपाकघराच्या दाराआड उभी असते. घडी केल्यावर ती चार बोटें जाड होते, त्यामुळें दार पूर्वींइतकेंच उघडतें. मावशी आतां पंखे पुसतात, पण आपल्या मर्जीनें व शिडीवरून. आणि आत्याबाई जवळ उभ्या राहून, कांहींहि न धरतां, फक्त पोट कोठें आहे तें पाहतात. वर्षांतून पांच वेळांचा आमचा अंदाज साफ चुकीचा ठरला. वस्तु हाताशीं आली म्हणजे कामें निघतात: घड्याळाचा सेल, चिमणीनें गॅलरीच्या खांचेंत साठविलेलें गवत, माळ्यावरचा चकलीचा सोऱ्या, आणि शेजारपाजाऱ्यांचीं हींच सर्व कामें. शिडी कोणाकडे गेली आहे हें लिहिण्यासाठीं दाराच्या मागें एक कागद चिकटवावा लागला आहे.

यंदा वसुबारसेच्या संध्याकाळीं दोन मजले खालच्या त्या गृहस्थांचा नातू आला. दहावींत आहे. आजोबांनीं आकाशकंदील लावावयास सांगितला होता, आणि शिडी आणल्याशिवाय चढावयाचें नाहीं अशी ताकीद दिली होती. आत्याबाईंनीं त्याच्याकडून शिडी जिन्याच्या चौकांतच एकदां उघडून घेतली, एकदां मिटवून घेतली, आणि मग त्याच्या मागोमाग स्वतः दोन मजले खालीं उतरल्या. ते गृहस्थ काठी घेऊन दारांत उभे होते. मुलानें गॅलरींत शिडी मांडली व पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

“थांब,” आत्याबाई म्हणाल्या. “खट् वाजलें का?”

“नाहीं, आजी.”

“मग उतर. वाजूं दे, आणि मग चढ.”